गंजलेली ४०७ घेतलीय, गाडीकामातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?

जॉबरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

घरचा धंदा टॉवेलचा. वडील आयुष्यभर जॉबर, म्हणजे मागांचे मिस्त्री, आता स्वतःचे चार माग. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गाठी ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला पोचवायच्या तर दर खेपेला टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या. दिवाळीनंतर वर्षभराचं भाडं एका कागदावर मांडलं आणि तो कागद बघूनच डोकं फिरलं. २०१२ची टाटा ४०७ घेतली, पावणेतीन लाखाला. इंजिन पहिल्या सेल्फला उठलं, धूर नाही, गिअर लोण्यासारखे. म्हटलं सौदा जमला.

घरी आणून हौद्यातली रबरी मॅट उचलली. खालच्या पत्र्यातून शेडची फरशी दिसली. वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "गाडी आणलास का चाळणी आणलास बे?"

माग कुठं अडतोय ते मी आवाजावरून सांगतो, पण गाडीतलं शून्य. पाने आहेत, ग्राइंडर आहे, रविवार मोकळा आहे. मिस्त्रीला द्यायला पैसे उरले नाहीत, आणि खरं सांगायचं तर शिकायचंही आहे. विचार असा की आधी सगळी घासून रेड ऑक्साइड मारावा, मग निळा रंग, पुढं काचेवर 'सिद्धरामेश्वर प्रसन्न'. बरोबर चाललोय का?

कट्ट्यावरचा
नाव आधी घालून घे. बाकीचं तेच बघतील.
आणि फोटो टाक. फोटोशिवाय गंजाच्या धाग्याला चव नाही.

एमएच_तेरा
नंबर कुठला आहे? आपल्या सोलापूरची गाडी उन्हानं पांढरी पडते, डॅशबोर्ड तडकतो, टायरच्या बाजूला भेगा जातात. अशी चाळण होत नाही, आपल्याकडं पाऊसच किती! ही बाहेरची दिसतेय.

जॉबरचा_पोरगा
एमएच ०८. फोटो टाकलेत बघा.

खारा_वारा
मी रत्नागिरीचा. ०८ वाचल्यावर फोटो उघडायची गरजच पडली नाही. बंदरावर बर्फ आणि मासळी वाहिलेली गाडी असणार ती. बर्फाचं पाणी मिठासकट हौद्यातून गळतं ते थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर. पाणी वाळतं, मीठ राहतं. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी लोखंड आतून ओलंच. सोलापुरात आणली म्हणून गंज थांबला असं समजू नका. पहिल्या पावसाला तेच मीठ पुन्हा जागं होईल. ब्रशला हात लावायच्या आधी धुवा. पाइप घेऊन खाली झोपा आणि चासीच्या लांब चॅनेलच्या आतल्या बाजूनं पाणी मारा, दोन-तीनदा तरी.

जॉबरचा_पोरगा
धुतो की. पण आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हो. ज्या दिवशी येईल त्या दिवशी आधी घरची पिंपं, मग गाडी.

खारा_वारा
आमच्याकडे पाण्यानं गाड्या कुजतात, तुमच्याकडे धुवायला पाणी नाही. वाटणी करणाऱ्याला भेटायला हवं एकदा.

बारा_तेराचा_पाना
रंगाचं नाव इतक्यात काढू नको. होटगी रोडला चाळीस वर्षं गॅरेज केलं, आता पोरगा बघतो. जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण आधी रंग विचारतो आणि सहा महिन्यांनी पाटा (चाकावरची पानांची स्प्रिंग) चासीतून निसटला म्हणून गाडी ओढून आणतो.

पावशेरी हातोडी घे. चासीवर टोले मारत पुढून मागं जा, एक-एक वितीवर. चांगलं लोखंड टण् वाजतं आणि हातोडी उसळते. कुजलेलं भद् वाजतं, हातोडी तिथंच बसते. मागाचा आवाज ओळखतोस म्हणालास ना, मग हे तुला माझ्या पोरापेक्षा लवकर जमेल. भद् वाजलं तिथं खडूनं फुली मार, मग जुना पेचकस टोचून बघ. आत गेला तर भोक आधीच पडलेलं आहे, तू फक्त ते उघडलंस.

कुठं जास्त बघायचं? पाट्याचे ब्रॅकेट जिथं चासीला बसतात ती जागा, क्रॉस मेंबरचे (दोन लांब चॅनेल जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांचे) कोपरे, आणि जिथं दोन पत्रे एकावर एक आहेत ती फट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. फटीत फुगला की जाड पत्रा वाकवतो, रिव्हेटची मान तोडतो. एक चुंबकही जवळ ठेव, जुन्या स्पीकरमधला चालतो. जिथं चिकटणार नाही तिथं कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून वरून काळा मारलाय.

आणि एक. चासी नंबर कुठं ठोकलाय तो आधी शोधून काढ. त्या वीतभर जागेला ग्राइंडर लागता कामा नये. फडक्यानं पूस, ग्रीस लावून ठेव. तो नंबर घासला गेला तर गाडी कितीही चांगली असली तरी आरटीओच्या लेखी तिला बाप नाही.

शेंगाचटणी
काकांनी नंबरचा विषय काढलाच आहे तर कागदांचं मी सांगते. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हेच काम करते.

गाडी तुमच्या नावावर झाली का? फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची म्हणून २८ची एनओसी. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलन थकलेलं आहे का तेही बघून घ्या, सापडलं तर विकणाऱ्याच्या गळ्यात घाला. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं फिटनेस, म्हणजे पासिंग, दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. आठ वर्षांवर पर्यावरण कर आहे. गाडी जसजशी जुनी होते तसतशी पासिंगची फीही चढत जाते. पावणेतीन लाखाच्या हिशेबात हे धरलं होतं का?

लायसन्सची काळजी नको. ४०७चं भरलेलं वजन साडेसात टनांच्या आत बसतं, आणि तिथपर्यंत साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते पक्कं केलं आहे.

जॉबरचा_पोरगा
ताई, हिशेबात धरलं नव्हतं. वडिलांना हा प्रतिसाद दाखवणार नाही.

---

जॉबरचा_पोरगा
अपडेट. दोन रविवार हातोडी वाजवली. शेजारच्या कारखान्यातला मुकादम विचारून गेला, "काय करलालास, भजनाची प्रॅक्टिस?"

दोन्ही लांब चॅनेल टण् वाजतात. वरून खडबडीत झालेत, खपल्या निघतात, पण पेचकस कुठंच आत गेला नाही. मागून दुसऱ्या क्रॉस मेंबरला मात्र डाव्या कोपऱ्यात चुंबक चिकटेना. छिन्नीनं टोकरलं तर तळहाताएवढी लांबी एकसंध निघून आली आणि मागं भोक. त्या भोकातून माझी तीन बोटं आरपार जातात. फोटोत बोटं माझीच आहेत.

ओळखीचा वेल्डर म्हणाला, "पट्टी मारून देतो, अर्ध्या तासाचं काम, चहा पाज." मारून घेऊ का?

एमएच_तेरा
घ्या की. इकडं ऊस वाहणाऱ्या अर्ध्या गाड्यांना पट्ट्याच असतात.

बारा_तेराचा_पाना
आणि त्या गाड्या रस्त्यात मोडून पडलेल्या पण मीच बघितल्यात.

नीट समजून घे. चासीचं चॅनेल इंग्रजी सीसारखं असतं. वरची आणि खालची आडवी पट्टी सगळा ताण घेते, वजन पडलं की वरची दबते, खालची ताणते. मधल्या उभ्या पत्र्यावर त्या मानानं कमी. म्हणून आडव्या पट्टीला भोक पाडायचं नाही आणि आडवा वेल्डिंगचा टाका द्यायचा नाही. टाक्याच्या कडेचं लोखंड कडक होतं, गाडी लवली की चीर तिथूनच सुरू होते. तुझे लांब चॅनेल शाबूत आहेत हे नशीब. त्यांनाच भोक असतं तर मी सरळ भंगारवाल्याचा रस्ता दाखवला असता.

क्रॉस मेंबर अख्खा बदल. जुन्या सामानात ४०७चा मिळतो. १९८६पासून ही गाडी रस्त्यावर आहे, तिचं सामान सापडत नाही असं गाव नसेल. रिव्हेटचं डोकं घासून काढ, पंचानं खाली ठोक, आणि त्या भोकात घट्ट बसणारे बोल्ट टाक. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असलं पाहिजे. कोऱ्या डोक्याचा बोल्ट ग्रिलच्या दाराला ठीक, चासीला नाही.

हौद्याच्या तळाला मात्र खुशाल वेल्डिंग कर, तो पत्रा आहे. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढ, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातील. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळ लाव. डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवून लांब ठेव. आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग करतो म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून घरी ये.

जॉबरचा_पोरगा
ठीक. क्रॉस मेंबर बदलतो. वेल्डरला नुसता चहा पाजतो.

पण रिव्हेटच्या आधी पाट्याचे यू बोल्ट सोडवायचे आहेत आणि त्यांचे नट दगड झालेत. एका नटाचे कोपरे मी आधीच गोल करून बसलोय.

कट्ट्यावरचा
पान्याला पाइप घाल आणि त्यावर नाच. मी मामाच्या जुन्या ट्रकच्या डाव्या चाकाचे नट असेच काढत होतो. अर्धा तास नाचलो, पाइप वाकला, नट काही हलेना. शेवटी मामा आला आणि बोल्टच्या डोक्यावरचं 'एल' दाखवलं. डाव्या बाजूला उलटे आटे! अर्धा तास मी तो नट आवळत होतो.

बारा_तेराचा_पाना
@कट्ट्यावरचा, म्हणून आधी आटे बघायचे, मग नाचायचं.

पोरा, घाई नको. तारेच्या ब्रशनं बाहेर आलेले आटे साफ कर. गंज सोडवायचं तेल मार, रात्रभर ठेव, सकाळी नटाच्या बाजूला हातोडीचे बारीक टोले दे, पुन्हा तेल. तीन दिवस हाच रतीब. सहा कोनी सॉकेट घे, बारा कोनी गंजलेल्या नटाचे कोपरे खातं. आणि सोडवायच्या आधी किंचित आवळ. गंजाची पकड तुटली की कट् असा आवाज येतो, मग उलटं फिरव. तरी नाही आला तर गॅसनं नट तापव. बोल्ट तापवायचा नाही, नट. नट फुगला पाहिजे. गोल केलास तो छिन्नीनं चीर, नवीन यू बोल्ट तसेही घ्यायचेच आहेत.

गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. माझ्या गॅरेजातल्या एका पोरानं "एकच मिनिट" म्हणून हात घातला होता. आज तो डाव्या हातानं चहाचा कप नीट धरू शकत नाही. घोड्या (लोखंडी स्टँड) लाव, वर लाकडी ओंडका लाव, मग जा.

---

जॉबरचा_पोरगा
हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितोच.

गाडी मागाच्या शेडमध्येच उभी होती, दुपारचं ऊन नको म्हणून. रविवारी ग्राइंडरला तारेचा कप लावून चॅनेल घासत होतो. ठिणग्या मागं उडत होत्या, मागं भिंत आहे एवढंच बघितलं. पाच वाजता आवरून घरी गेलो. मागाच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर माहीत असेल, तुळयांवर, वायरींवर, खिडकीच्या गजांवर सुताची पांढरी लव साचलेली असते. कितीही झाडा.

साडेसहाला वडील कुलूप बघायला गेले. आत शिरल्याशिरल्या त्यांना वास आला. ज्वाळा नाही, धूरही नाही म्हणण्याइतका. कोपऱ्यातल्या तुळईवरची लव आतल्या आत धुमसत चालली होती, उदबत्तीसारखी, एक लाल ठिपका पुढं सरकत होता. मागाच्या बीमवर (सूत गुंडाळायच्या रुळावर) सूत चढवलेलं होतं, तिथून दोन हातांवर. वडिलांनी पाण्याची बादली वरून ओतली आणि नंतर सगळ्या तुळया ओल्या फडक्यानं पुसल्या, एकट्यानं. मला फोनसुद्धा केला नाही. सकाळी गेलो तेव्हा गाडी शेडबाहेर लिंबाखाली ढकललेली होती आणि ग्राइंडरची वायर काढून त्यांच्या खिशात होती.

शेंगाचटणी
अरे देवा. वडील काही बोलले?

जॉबरचा_पोरगा
नाही ना. तेच तर.

बारा_तेराचा_पाना
बोलणार नाहीत. वायर परत देतील चार दिवसांनी. ग्राइंडर बंद केल्यावर तासभर जागा सोडायची नाही, हे मी सांगायला हवं होतं. राहिलं.

प्रयोगवही
धागा आवडीनं वाचतोय. शाळेत विज्ञान शिकवतो, गाडीतलं फार कळत नाही. पण फाळक्याच्या बिजागऱ्या, कड्या, साखळ्या अशा सुट्या वस्तू असतील तर ग्राइंडरशिवाय गंज काढता येतो.

प्लास्टिकची बादली, त्यात पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. खायचा नव्हे. बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेल्या वस्तूला ऋण, म्हणजे काळी वायर. लाल वायर एखाद्या भंगार सळईला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. बुडबुडे येतील, पाणी चहासारखं होईल, आठ-दहा तासांत गंज सैल होऊन ब्रशनं निघतो. वायरी उलट्या लावल्या तर सळई चकाचक होईल आणि बिजागरी विरघळेल!

लाल वायरीला स्टीलचा डाव-चमचा लावू नका, स्टेनलेसमधल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. उघड्यावर करा, बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. पाट्याचं पान, स्प्रिंग, कडक बोल्ट यात टाकायचे नाहीत, हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात. बाहेर काढल्यावर लगेच धुऊन, पुसून, उन्हात वाळवून प्रायमर. तासाभरात नवा गंज धरतो.

कट्ट्यावरचा
सर, आमच्या वेळी तुम्ही का नव्हता? आम्हाला नुसती आकृती काढायला लावली.

खारा_वारा
वाचनखूण साठवली. आमच्या होडीवाल्यांना दाखवतो.

जॉबरचा_पोरगा
केलं! चारही बिजागऱ्यांवर कारखान्याचा मूळ नंबर वाचता येतोय. आई विचारतेय की हेच पाणी तव्याला चालेल का.

(वायर परत मिळाली. पाचव्या दिवशी.)

---

जॉबरचा_पोरगा
मोठं अपडेट. क्रॉस मेंबर बसला, आठ बोल्ट, सगळे १०.९. चॅनेलच्या ज्या कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही तिथं फॉस्फोरिक आम्लवालं गंजाचं औषध लावलं, काळं पडलं. वर रेड ऑक्साइड. हौद्याचा तळ नवीन पत्र्याचा.

मग ब्रेक उघडले. ड्रममधली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसली, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं म्हणून. मागच्या उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारा) जाम. आणि ब्रेकचा लोखंडी पाइप वरून ठीक दिसत होता, क्लिप काढली तर क्लिपखाली तो अर्धा खाल्लेला. नखानं खपली निघाली आणि ऑइलचा एक थेंब आला. याच पाइपवर मी ही गाडी रत्नागिरीहून आंबा घाट उतरून... नाही, चढून आणली होती. उतरलो असतो तर?

दुकानदार तांब्याची नळी देत होता, वाकवायला सोपी म्हणे.

बारा_तेराचा_पाना
तांबं नको. गाडीच्या थरथरीनं कडक होतं आणि तडकतं. गाडीचा तयार स्टीलचा पाइप घे, तोंड दोन्हीकडं फुलवलेलं मिळतं. व्हील सिलिंडरचे रबर डिझेल-पेट्रोलनं धुऊ नको, फुगतात. ब्रेक ऑइलनंच पूस. डबा नवीन फोड. डॉट ३ असो की ४, ते हवेतलं पाणी पितं, उघडा राहिलेला डबा घाटात दगा देतो.

ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे मागचं डावं पहिलं. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा हवेचा निपल सोडायचा, आवळायचा, मगच पॅडल वर. वरची बाटली रिकामी होऊ देऊ नको.

जॉबरचा_पोरगा
पॅडलवर वडील बसले होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, हळू बोलणं माहीतच नाही. "दाबलंय! ...सोड! ...आवळलास का? आवळलास का बे?" असं अख्ख्या एमआयडीसीनं ऐकलं. नळीतले बुडबुडे संपले तेव्हा पॅडल विटेसारखं कडक झालं. ते उतरले, पुन्हा चढले, पुन्हा दाबून बघितलं. मग म्हणाले, "माग पण असाच लागला पाहिजे."

शेंगाचटणी
पासिंगचं काय झालं?

जॉबरचा_पोरगा
पहिल्यांदा परत पाठवली. ब्रेक, चासी सगळं ठीक, मागं रिफ्लेक्टरची पट्टी नव्हती आणि एक इंडिकेटर लागत नव्हता. गंजलेली अर्थिंगची वायर. घासून पुन्हा आवळली, लागला. दुसऱ्या खेपेला पास. काल पहिल्या गाठी टाकून आलो.

एमएच_तेरा
अभिनंदन मालक. पट्टीचा सल्ला मी मागं घेतो. रंग कुठला मारलास शेवटी?

जॉबरचा_पोरगा
केबिनचा जुनाच ठेवलाय. चासी अजून रेड ऑक्साइडवरच आहे. पैसे आले की बघू.

बारा_तेराचा_पाना
केबिन राहू दे, पण चासीचं पैसे आले की नाही. रेड ऑक्साइड हे प्रायमर आहे, बारीक भोकाभोकांचं. पाणी त्यातून आत जातं. मृगाच्या आत दोन हात चासी ब्लॅक मार, नाहीतर हातोडी घेऊन पुन्हा पहिल्या पानावर येशील.

आणि खेप करून आलास की लगेच चारही ड्रमजवळ हात नेऊन बघ. सारखे तापले पाहिजेत.

जॉबरचा_पोरगा
आत्ताच आलो, बघतो.

मागचा उजवा जास्त तापलाय. बाकी तीन सारखे.

बारा_तेराचा_पाना
नवीन सिलिंडर टाकलास तोच. लायनर घासतोय. चाक उचल, ॲडजस्टर दोन खाचा मागं घे, चाक हातानं मोकळं फिरलं की पुरे.
घोडी लावून.